गप्पा मारता आल्या पाहिजेत

प्रोजेक्टच्या फायलीतलं ‘उद्दिष्टे’ नावाचं पान वाचायला घेतलं की पहिल्या दोन ओळींतच माझं डोकं फिरतं. चंद्रपूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकल शिकवते आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांचे दोन-तीन प्रोजेक्ट दरवर्षी माझ्या गळ्यात असतात. सुरुवात ठरलेली. ‘समाजाची वाढती गरज लक्षात घेता...’ कोणाचा समाज, कसली गरज, कशाचा पत्ता नाही. मागच्या बॅचच्या फायलीतून उचलायचं, नाव बदलायचं, स्पायरल मारायचं, झालं. एका ग्रुपने तर धान वाळवायच्या यंत्राच्या फायलीत मधूनच ऊस घातला होता. आमच्याकडे ऊस! कुठून आला रे हा, म्हणून विचारलं तर पोरगा शांतपणे म्हणतो, “मॅडम, तो आधीपासूनच होता.”

त्या दिवशी मी फाइल टेबलावर अशी आपटली की शेजारच्या केबिनमधले सर बघायला आले. तेव्हापासून माझा एक नियम आहे. इंग्रजीतला रिपोर्ट नंतर. आधी एका कागदावर, हाताने, मराठीत लिहून आणायचं की हे यंत्र कोणाला हवंय, त्या माणसाला तुम्ही विचारलंत का, आणि तो काय म्हणाला. मराठीत लिहायला बसलं की ‘वाढती गरज’ आपोआप गळून पडते. पोरं मला मागून काय काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणू देत.

त्या वर्षी माझ्याकडे तिघांचा एक ग्रुप आला. एक ब्रह्मपुरीचा, घरची राइस मिल असलेला. एक चंद्रपुरातलाच, कम्प्युटरवर झकास ड्रॉइंग काढणारा आणि तोंडाने तितकाच झकास. आणि तिसरी गडचिरोलीकडची, धानोऱ्याच्या पुढे जंगलात गाव असलेली एक मुलगी. वर्गात ती तिसऱ्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही, पण विचारलं की पुरतं बोलायची. विषय तिचाच होता, चारोळी फोडायचं यंत्र. उन्हाळ्यात चारोळीची फळं पिकतात, तिकडे त्यांना नुसतं चार म्हणतात. ही फळं जंगलातून वेचून आणायची, भिजवून साल काढायची, वाळवून ठेवायची, आणि मग वर्षभर सवडीने त्या टणक बिया दगडी जात्यावर हलक्या हाताने भरडून आतला दाणा अख्खा काढायचा. हात जरा जड पडला की दाण्याचा चुरा.

कागद आला. उद्दिष्ट वाचलं आणि बरं वाटलं. ‘जातं ओढून ओढून माझ्या आईचा आणि गावच्या बायांचा खांदा गेला आहे. तो वाचवणे.’ वा! समाजबिमाज काही नाही, थेट खांदा. मग खाली ‘आवश्यकता’ असं लिहून पहिलीच ओळ होती, ‘यंत्र चालवताना गप्पा मारता आल्या पाहिजेत.’

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मला वाटलं, ही माझी टिंगल चालली आहे. तिघांनाही बोलावून घेतलं.

“हे काय आहे? गप्पा? ही इंजिनिअरिंगची आवश्यकता आहे?”

ब्रह्मपुरीवाला जमिनीकडे बघायला लागला. चंद्रपूरवाला छताकडे. ती मात्र माझ्याकडेच बघत होती.

“हौ मॅडम. तुम्हीच म्हणाल्या ना, विचारून लिहा म्हणून. मी विचारलं. बाया हेच म्हणाल्या.”

“आणि दुसरं काही नाही म्हणाल्या?”

“म्हणाल्या ना. ते खाली लिहिलं हाय. पण पयले हेच म्हणाल्या.” मग तिने सांगितलं की तिच्या गावात कुठल्याशा योजनेतून चारोळी फोडायचं मोटरवालं यंत्र येऊन पडलंच आहे. चालतं चांगलं. भराभर फोडतं. पण सुरू केलं की असा धडधडाट होतो की शेजारी बसलेल्या बाईचं बोलणं ऐकू येत नाही. पहिल्या उन्हाळ्यात बाया दोन-चार वेळा बसल्या आणि मग पुन्हा जात्याकडे गेल्या. आता त्या यंत्राच्या वरच्या घमेल्यात कोंबडी अंडी घालते.

“खांदा दुखतो तरी?” मी विचारलं.

“खांदा दुखते मॅडम, पण बोलल्याबिगर कसं जमंल?”

 मी कागदावर सही केली. पण मनातून पटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

पटलं ते दिवाळीनंतर, तिच्या गावाला गेल्यावर. आम्ही चौघं एस.टी.ने गडचिरोली, तिथून धानोरा, आणि पुढे शेअर जीपने गेलो. जीपमध्ये मी मागे, मांडीवर कोणाची तरी तांदळाची पिशवी. गावात पोचलो तर तिच्या आईने जोहार केला, पाणी दिलं आणि सरळ अंगणात नेऊन जात्याशी बसवलं. पाहुणी म्हणून नव्हे, हात रिकामे दिसले म्हणून. समोर तिची मावशी बसली. खुंटा दोघींच्या हातात. बाजूला सूप घेऊन आणखी चार-पाच बाया, टरफल पाखडत.

आणि बोलणं सुरू. आपसात गोंडीत, माझ्याशी मराठीत. काऊन वो बाई, लगन नाई केलं का? कोणी पाहिला नाई का तुले आवडला नाई? पोरगी सांगते तू लय रागावते, खरं हाय का? मी म्हटलं, खरं आहे. तर सगळ्या अशा हसल्या की जातंच थांबलं. मग विषय फिरला. कोणाच्या लेकराचा ताप उतरत नाही, त्याला दवाखान्यात कोण नेणार, ते ठरलं. कोणाच्या सुनेने माहेरी जायचं की नाही, त्यावर वाद झाला आणि मिटला. कोणीही मुद्दाम सभा भरवली नव्हती. दाणे पडत होते आणि गावची कामं होत होती.

माझा खांदा थोड्याच वेळात भरून आला. उठताना मी “आई गं” केलं तसं त्या पोरीने हात दिला आणि हळूच म्हणाली, “मॅडम, माह्यं कॉलेजचं इथीच ठरलं. बाबा नाई म्हणत होते. आजी नाई म्हणत होती. ह्या सगळ्या बाया इथी बसून बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी मावशी बाबासंगं बोलाले गेली. मी इथीच इंजिनिअर झाली समजा.”

मी भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेली. आमच्याकडे मुलीला इंजिनिअरिंगला घालायचं की नाही ते वडिलांनी टीव्ही बंद करून एका वाक्यात सांगितलं होतं. त्या अंगणात बसून मला त्या पोरीचा, खरं सांगते, हेवा वाटला.

पहिल्या आढाव्याला आमचे विभागप्रमुख बसले. माणूस भला, पण त्यांना प्रत्येक यंत्रावर एखादी मोटर आणि जमल्यास सेन्सर हवा असतो. “नाहीतर बाहेरचे परीक्षक म्हणतील, हे आयटीआयचं काम आहे.” मोटर का नाही, हे तिने समजावून सांगितलं. लाइटचा भरवसा नाही, आणि पाय हातापेक्षा जास्त जोर देतो, म्हणून शिलाई मशीनसारखा पायटा लावू. हे त्यांना पटलं. मग ते पहिल्या ओळीवर आले.

“गप्पा हे मोजता येत नाही. आवश्यकता मोजता आली पाहिजे. असं लिहा, ‘यंत्राचा आवाज सामान्य बोलण्यापेक्षा कमी असावा.’”

मलाही ते बरोबर वाटलं. वर्गात मी तेच तर शिकवते. ओळ बदलली, सह्या झाल्या. तिने नुसती मान हलवली.

पुढचे दोन महिने तिघं वर्कशॉपमध्येच राहायला गेले म्हणा ना. ब्रह्मपुरीवाल्याने वडिलांच्या मिलमधला झिजलेला रबरी रोल आणला. तो कापून लोखंडी चकतीवर चढवला. खाली दगडी तळी, वर रबराची चकती, आणि दोन्हींमधलं अंतर कमीजास्त करायला एक स्क्रू. बी लहान असो की मोठी, दाणा दाबला जात नाही. खाली तिरकी चाळणी, टरफल एकीकडे, दाणा एकीकडे. एका लांब बाकावर दोघी शेजारी शेजारी बसणार आणि दोघींचे पाय एकाच रुंद पायट्यावर. आवाज विचाराल तर नुसती सुरसुर. मीटरने मोजला, ठरलेल्या मर्यादेत अगदी आरामात बसला. मला तर आनंदाने नाचावंसं वाटलं.

फेब्रुवारीत ते यंत्र पिकअपमध्ये घालून गावाला नेलं. मावशी आणि आई बाकावर बसल्या. पाय हलले, चकती फिरली, दाणे अख्खे पडायला लागले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पण. आई खांद्याला हात लावून हसली, काहीच दुखत नाही म्हणाली. टोपलीभर बिया फोडून झाल्या, बाया उठल्या, “चांगली हाय” म्हणाल्या, आम्हाला चहा दिला. आम्ही चहा पीत होतो तेव्हा मावशी दुसऱ्या एका बाईबरोबर जात्यावर जाऊन बसली.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मग लक्षात आलं की टोपली संपेपर्यंत त्या दोघी फार काही बोललेल्याच नव्हत्या. आवाज नव्हता, अडवणारं काही नव्हतं, तरी नाही. पोरगी उठून मावशीपाशी गेली, तिने गोंडीत काहीतरी विचारलं. मावशीने माझ्याकरता मराठीत उत्तर दिलं. “यष्टीत बसल्यासारखं वाटते वो. दोघी बी समोर पाहून राह्यलो. तोंड कोणाचं दिसत नाई.”

यंत्र पिकअपमध्ये चढवून परत कॉलेजला पाठवलं. परतीच्या एस.टी.त दोन्ही पोरं खुशीत होती. ती खिडकीतून बाहेर बघत बसली होती. गडचिरोली आल्यावर म्हणाली, “मॅडम, आपली पयली अट पूर्ण नाई झाली.”

“कशी नाही झाली? आवाज मोजलाय, कमी आहे, फायलीत आहे.”

“आवाज सरांनी लिवला. मी गप्पा लिवल्या होत्या. सांगाडा कापा लागंल.”

बोंबला! आता काय करायचं? मी तिला तिथेच, भर स्टँडवर, फैलावर घेतलं. आढाव्याच्या समितीने यंत्र पास केलंय. रिपोर्ट लिहायचाय. आता सांगाडा कापलास आणि वेळेत उभा राहिला नाही तर प्रोजेक्ट नाही, आणि प्रोजेक्ट नाही तर वर्ष गेलं. कॉलेजात येऊन कंपनीने दिलेली नोकरी पास होण्याच्या अटीवर आहे, ती गेली. नुसती तुझी नाही, या दोघांची पण. “आणि मग घरी आईला काय सांगशील?”

ती म्हणाली, “आईले काई सांगावं नाई लागणार. ती जात्यावरच बसली असंल.”

शेंगदाणे विकणारा सुद्धा आमच्याकडे बघत होता.  तोंडाने झकास असलेला तो चंद्रपूरवाला, मला वाटलं आता हा हिच्यावर उखडणार, तर तो म्हणाला, “मॅडम, ड्रॉइंग दोन दिवसांत बदलतो.” ब्रह्मपुरीवाल्याने नुसतं “काप बाप्पा मग” एवढंच म्हटलं. असल्या पोरांना काय म्हणावं! मी मिठी मारली नाही एवढंच. त्याऐवजी म्हटलं की बघा हं, वेळेत झालं नाही तर तिघांनाही फाडून खाईन.

प्रश्न साधा नव्हता. दोघींना समोरासमोर बसवायचं तर यंत्र मध्ये येतं आणि तोंड झाकतं. यंत्र खाली घ्यावं तर पायट्याला जागा उरत नाही. पोरं सांगाडा दोनदा उभा करून दोनदा पाडून बसली. एक दिवस ती माझ्या टेबलाशी उभी होती, हातात माझी पट्टी. बोलता बोलता तिने पट्टी खोडरबरावर आडवी ठेवली आणि एकदा या टोकाला बोट दाबलं, एकदा त्या टोकाला.  मग पट्टी घेऊन पळालीच वर्कशॉपकडे. माझी पट्टी मला अजून मिळालेली नाही.

पायटा तसाच झाला. मधोमध टेकलेली एक लांब फळी, इकडून एकीने दाबली की तिकडे दुसरीचा पाय वर. बागेतल्या सी-सॉसारखी. दोघी समोरासमोर बुटक्या पाटावर, पाठीला टेका, आणि यंत्र गुडघ्यांच्या खाली. तोंडं मोकळी आणि हातही मोकळे. हात मोकळे हवेत हे तिने मुद्दाम लिहिलं, कारण तिच्या मावशीला हात न हलवता बोलता येत नाही. फायनलच्या आठवड्यात फळीचा सांधा तुटला. मी सगळ्यांना शिव्या घातल्या आणि वेल्डिंग होईपर्यंत दुसरं टोक स्वतः धरून उभी राहिले. पदर थोडा जळाला.

रिपोर्टमध्ये तिने सरांची ओळ तशीच ठेवली आणि तिच्या वर आपली जुनी ओळ पुन्हा लिहिली. पहिली आवश्यकता, गप्पा. मी सही केली.

तोंडी परीक्षा मे महिन्यात होती. चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते मी सांगायला नको. हॉलमध्ये कूलर घरघरत होता. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, कपाळावर आठी, रिपोर्टच्या पहिल्याच पानावर बोट ठेवून म्हणाले, “हे पहिलं काय आहे? हे कसं सिद्ध करणार?” विभागप्रमुखांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ते लिहिलंय.

ती म्हणाली, “सर, तुम्ही त्या पाटावर बसा ना. मी इथी बसते. तुमचे प्रश्न तुम्ही विचारा.” बसायच्या आधी थांबली. “आणि सर, कूलर बंद करू का? त्याचाच आवाज जास्त हाय.”

मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, म्हटलं. पण ते गृहस्थ पँट वर सारून खरंच पाटावर बसले. तिच्या आईने पाठवलेल्या बिया घातल्या. फळी खाली-वर व्हायला लागली. त्यांनी विचारलं, रबरच का? तिने सांगितलं. तळी आणि चकतीमधलं अंतर कसं ठरवलं? सांगितलं. रबर झिजलं तर? कुठे मिळेल, कोण बदलेल? सांगितलं. मग ते विचारत राहिले. पाय हलतच होते. कधी तरी प्रश्न यंत्राचे राहिलेच नाहीत. गाव कुठलं, घरी कोण, नदी ओलांडायला पूल झाला का, पावसाळ्यात कशी येत होतीस. ती हात हलवत सांगत होती आणि एकदा ते हसले पण. त्यांच्या शर्टाला घामाचे डाग पडले होते, कूलर बंद होता आणि कोणाच्याही लक्षात नव्हतं.

खालची टोपली भरली तेव्हा ती थांबली. त्यांनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि टोपलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. रुमालाने घाम पुसला. मग रिपोर्ट मागून घेतला आणि त्या पहिल्या ओळीसमोर बरोबरची खूण केली. मला रडू यायला लागलं, म्हणून मी कूलर सुरू करायला गेले.

तिघंही पास झाले, चांगले पास झाले. यंत्र पिकअपमध्ये घालून तिच्या गावाला गेलं आणि ती पुण्याला नोकरीला गेली. मी पुढच्या बॅचच्या ‘वाढत्या गरजा’ वाचायला लागले. यंत्राचं काय झालं, हे विचारायची मला भीती वाटत होती. त्याच्यातही कोंबडीने अंडी घातली असली तर, म्हणून मी विचारलंच नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये, ॲडमिशनच्या दिवसांत, एका अनोळखी नंबरवरून फोन आला. तिची आई होती.

“बाई, जोहार. मी बोलून राह्यली. इथी सगळ्या बसून हावो. फोन मधात ठेवला हाय, सगळ्यायले ऐकू येते.”

मागे खरंच सगळ्या होत्या. कोणीतरी हसत होतं, कोणाचं तरी बाळ कुरकुरत होतं, आणि मावशी ओरडली, “लगन झालं का वो?” मी म्हटलं, नाही झालं, आधी काम सांगा. काम असं होतं की गावातल्या अजून एका मुलीचे मार्क आले होते. तिला चंद्रपूरला इंजिनिअरिंगला जायचं होतं. तिचा भाऊ नाही म्हणत होता. बायांचं बोलणं सुरू होतं, आणि मध्येच कोणीतरी म्हणालं की त्या रागावणाऱ्या बाईलाच विचारू.

मी विचारलं, “जात्यावर बसलात का सगळ्या?”

“नाई वो, जातं तं कोपऱ्यात ठेवलं. आपल्या मशीनवर.”

“मग आत्ता बंद ठेवलंय का?”

“बंद काऊन? सुरूच हाय ना. मी आणि मावशी बसलो हावो.”

मी फोन कानाशी घट्ट धरला. बाळ ऐकू येत होतं, सुपातली पाखडणी ऐकू येत होती, दोघी-तिघी एकदम बोलत होत्या ते ऐकू येत होतं. यंत्र काही ऐकू येत नव्हतं.

“बाई, हावा ना फोनवर?” आईने विचारलं. “मंग सांगा. पाठवावं का पोरीले?”

मी समोरच्या ॲडमिशनच्या फायली बाजूला सारल्या. मग मी म्हटलं, “पाठवा.”